सपाट पोटाची किंमत

मराठी भाषेने पोटाला जेवढे काम दिले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाला दिले असेल. आपण पोटासाठी वणवण करतो, पोटतिडकीने बोलतो, दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो आणि एखाद्याची नोकरी गेली की त्याच्या पोटावर पाय आला म्हणतो. दरवर्षी दहा दिवस लंबोदराची पूजा करतो, तीही मोदकांचा नैवेद्य दाखवून. एके काळी सुटलेले पोट हे घरात दूधतूप असल्याचे लक्षण मानले जाई. पेढीवरच्या शेठजींना ढेरी नसेल तर पेढी बुडीत तर नाही ना, अशी शंका यावी, असा तो जमाना होता. आता जमाना पालटला आहे. सुटलेले पोट हा आळसाचा पुरावा ठरला आहे आणि बाईचे असेल तर तिने स्वतःकडे दुर्लक्ष केल्याचा गुन्हा.

या गुन्ह्यावर शिक्षामाफीची सोय आता शहरोशहरी उपलब्ध आहे. तिचे नाव टमी टक. शास्त्रीय नाव ॲब्डॉमिनोप्लास्टी. जाहिरातीत दोन छायाचित्रे शेजारीशेजारी असतात, एक आधीचे आणि एक नंतरचे. मधल्या काळात काय घडले, याचे छायाचित्र नसते. खाली हप्त्यांची सोय, सणानिमित्त सवलत आणि 'आजच भेटा' असा आग्रह. बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी तर पोट, स्तन आणि चरबी असे सगळे एकत्र करून देण्याचे 'मॉमी मेकओव्हर' नावाचे पॅकेजही निघाले आहे. शस्त्रक्रियेची भाषा जाऊन तिच्या जागी ब्यूटी पार्लरची भाषा आली आहे, आणि खरी काळजी वाटावी ती या बदलाची.

या विषयावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक टिंगलीची: 'चार पोळ्या कमी खाल्ल्या असत्या तर हे कशाला करावे लागले असते?' दुसरी भुरळीची: 'एका दिवसात काम होते म्हणे!' दोन्ही अज्ञानातून येतात आणि दोन्ही सारख्याच घातक आहेत. टिंगलीमुळे बाई गुपचूप जाते, कोणाला विचारत नाही. भुरळीमुळे ती तयारीविना जाते. ही शस्त्रक्रिया करावी की करू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण ती काय आहे, हे समजल्याविना होकार देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणे होय.

मग ती आहे तरी काय? ओटीपोटावर, जननभागाच्या केसांच्या रेषेलगत, एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत आडवा छेद घेतला जातो. तेथून वर थेट बरगड्यांपर्यंत कातडी आणि चरबी खालच्या स्नायूंपासून सोडवली जाते. पोटावरचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले असतील, तर त्यांच्यावरचे आवरण टाके घालून जवळ ओढले जाते. मग कातडी खाली ताणून जास्तीची कापून टाकतात. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागी राहते, वरच्या कातडीला नवे भोक पाडून तिला बाहेर काढतात. हे सगळे बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि त्याला दोन ते चार तास लागतात. नंतर साचणारे पाणी वाहून जावे म्हणून नळ्या बसवतात. 'छोटा टमी टक' नावाचा प्रकार फक्त बेंबीखालच्या कातडीपुरता असतो. लायपोसक्शनमध्ये नळीने केवळ चरबी ओढली जाते. त्याने सैल कातडी घट्ट होत नाही आणि ताणलेले स्नायू जवळ येत नाहीत. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच दरपत्रकात एकाखाली एक छापल्या म्हणून एक होत नाहीत.

आता ती काय नाही, हेही पाहू. ती वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नाही. निघून जाणारे वजन बहुधा किलो-दोन किलोंच्या घरातले असते. ती मधुमेहावरचा वा हृदयरोगावरचा उपायही नाही, आणि हा मुद्दा आपण भारतीयांनी विशेष समजून घ्यायला हवा. पोटाची चरबी दोन जागी असते. एक कातडीखाली, जी चिमटीत धरता येते. दुसरी स्नायूंच्या आत, आतडी आणि यकृताभोवती, जी चिमटीत येत नाही. रोगांना आमंत्रण देते ती मुख्यतः दुसरी, आणि टमी टक तिला स्पर्शही करत नाही. ज्याचे पोट नगाऱ्यासारखे घट्ट आणि पुढे आलेले आहे, त्याच्या कातडीला कात्री लावून फारसे काही साधत नाही. त्याचा मार्ग ताटातून आणि चालण्यातूनच जातो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटासा, पण गाजलेला लेख लिहिला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेला भारतीय माणूस आतून चरबीदार असू शकतो, हे त्या दोन आकड्यांनी जगाला सांगितले. म्हणूनच आपल्यासाठी कमरेच्या घेराची धोक्याची रेषा स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरवर आखली आहे. त्याच २००४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून लायपोसक्शनने सुमारे नऊ-दहा किलो चरबी काढली आणि दहा-बारा आठवड्यांनी तपासण्या केल्या. इन्सुलिनचे कार्य, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. तेव्हा 'पोट काढले की शुगर आटोक्यात येईल' असे कोणी सांगत असेल, तर त्याच्या दवाखान्याची पायरी उतरावी.

याचा अर्थ ही शस्त्रक्रिया म्हणजे निव्वळ नखरा, असाही नव्हे. दोन-तीन बाळंतपणांनंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकतात. पाठीवर निजून, गुडघे दुमडून, डोके किंचित उचलले की बेंबीच्या वर-खाली बोटे रुततील अशी फट लागते. बऱ्याच स्त्रियांत ती पहिल्या काही महिन्यांत आपोआप व योग्य व्यायामाने कमी होते, काहींत होत नाही. कितीही उपास केले, कितीही जोर काढले तरी ताणून फाटलेली कातडी पूर्ववत होत नाही. शंभर किलोंवरून सत्तरवर आलेल्या माणसाच्या पोटावर कातडीची झालर लोंबते, तिच्या घडीत घाम साचतो, खाज येते, बुरशी होते. बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर हे आधीपासून दिसत होते. २०२५ साली मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतात आल्यापासून अशा कातडीचा प्रश्न आणखी घरांत पोचणार आहे. या माणसांना ही शस्त्रक्रिया खरोखर दिलासा देऊ शकते. त्यांची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचे नाव आहे, हे या निमित्ताने आठवावे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून नवे नाक करून दिले आणि त्याची हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. ती वाचून युरोपातल्या सर्जनांनी ही विद्या उचलली. नाक म्हणजे चेहऱ्यापुरते नव्हते, समाजात तोंड दाखवण्याचा तो प्रश्न होता. गरज आणि हौस यांच्यातली रेषा तेव्हाही सरळ नव्हती, आजही नाही. म्हणूनच 'हे कशाला हवे?' हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारण्याचा नाही. ज्याने त्याने तो स्वतःला मात्र नीट विचारला पाहिजे.

आता धोक्यांकडे वळू. सर्वांत जास्त आढळते ते कातडीखाली पाणी साचणे. ते सुईने काढावे लागते, कधी अनेकदा. रक्त साचू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, टाक्यांची जागा उसवू शकते. बेंबीखालचा भाग महिनोन्‌महिने बधिर राहतो, काहींचा कायमचा. वण तर राहतोच. तो सुरुवातीला लालसर, जाड असतो, फिकट व्हायला वर्ष लागते, पण पुसला जात नाही. आपल्या सावळ्या कातडीत वण फुगून वर येण्याची प्रवृत्ती अधिक असते. कान टोचल्यावर किंवा सिझेरियनच्या जागी ज्यांना असा वण आला आहे त्यांनी ते आधीच सांगावे. आणि या सर्वांपेक्षा गंभीर म्हणजे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे. सौंदर्यासाठी केल्या जाणाऱ्या नेहमीच्या शस्त्रक्रियांमध्ये हा धोका टमी टकमध्ये सर्वाधिक गणला जातो. एकाच बैठकीत दोन-तीन शस्त्रक्रिया उरकल्या की तो आणखी वाढतो. म्हणून 'एकदाच भूल, एकदाच खर्च' हा हिशेब वाण्याच्या दुकानात ठीक, ऑपरेशन टेबलावर तो नेहमीच स्वस्त पडतो असे नाही.

यातले बरेचसे धोके रुग्णाने दिलेल्या माहितीवर अवलंबून असतात, आणि आपण नेमकी तीच लपवतो. तंबाखूचेच पाहा. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणून शिवलेल्या कातडीची कड काळी पडून मरते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे आणि जखम भरेपर्यंत तंबाखू पूर्ण बंद हवी. पुरुष सिगारेटचे सांगतात. पण सकाळी मशेरी लावणारी बाई 'मला कसलेही व्यसन नाही' असेच सांगते आणि तिच्या दृष्टीने ते खोटेही नसते. मशेरी हीसुद्धा तंबाखूच आहे, हे डॉक्टरांनी नाव घेऊन विचारले पाहिजे. तसेच गर्भनिरोधक गोळ्यांचे. त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो. वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी जठर उशिरा रिकामे होते, भूल देताना पोटातले अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून भूलतज्ज्ञाला त्यांची माहिती हवीच. पूर्वी पित्ताशयासाठी उजव्या बरगडीखाली मोठा छेद घेतलेला असेल तर कातडीचा रक्तपुरवठा त्या बाजूने तुटलेला असतो, तोही सांगायचा. मधुमेह आटोक्यात हवा आणि हिमोग्लोबिन पुरेसे हवे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. सुखवस्तू घरातली बाई त्यात नसेलच, असे समजण्याचे कारण नाही.

वेळ कोणती निवडावी, यालाही महत्त्व आहे. वजन निदान सहा महिने स्थिर असावे. आणखी मूल हवे असेल तर थांबावे. शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणा होऊ शकते, पण घट्ट केलेले सारे पुन्हा सैल होते. लग्न किंवा मुंज महिन्यावर आली आहे म्हणून ही शस्त्रक्रिया करणे तर शुद्ध वेडेपणा. सूज पुरती उतरायलाच काही महिने जातात.

आणि घरी आल्यावर? पहिले आठ-दहा दिवस कमरेत वाकून चालावे लागते. बैठे काम दोन-तीन आठवड्यांनी जमते. पट्टा सहा आठवड्यांच्या आसपास बांधायचा असतो आणि तेवढेच दिवस जड काही उचलायचे नसते. जड म्हणजे काय, हे आपल्या घरांत नीट सांगावे लागते. पाण्याने भरलेली बादली, भरलेला पाच लिटरचा कुकर, गॅसचा सिलिंडर, गादी, आणि कडेवर बसण्याचा हट्ट धरणारे दोन वर्षांचे मूल. शस्त्रक्रियेच्या तारखेआधी या प्रत्येकापुढे कोणाचे तरी नाव लिहिले गेले पाहिजे. बाळंतपणाला माहेर असते, डिंकाचे लाडू असतात, सव्वा महिना असतो. टमी टकला यातले काहीच नसते. उलट 'स्वतःच्या हौसेने करून घेतलेस ना?' हे वाक्य असते, आणि ते ऐकू नये म्हणून बायका आठव्या दिवशी ओट्याशी उभ्या राहतात. जखम उसवण्याची कारणे सर्जनच्या हातात असतात तशी ती सासरच्या स्वयंपाकघरातही असतात.

शस्त्रक्रिया कोण करतो, हा पुढचा प्रश्न. जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आपल्याकडे मान्य आहे. भिंतीवर 'कॉस्मेटॉलॉजी'ची चार-सहा महिन्यांची प्रमाणपत्रे टांगलेली असतील तर ती या कामाला पुरत नाहीत. डॉक्टरांचे नाव व पदवी मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत आहे का, हे पाहता येते. विचारायला संकोच वाटू देऊ नये. जो खरा शिकलेला आहे त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. त्यानंतर जागा पाहावी. नोंदणी असलेले रुग्णालय, पूर्णवेळ हजर राहणारा भूलतज्ज्ञ, रात्री-अपरात्री काही बिघडले तर अतिदक्षता विभाग. मे २०२२मध्ये बेंगळुरूला कन्नड दूरचित्रवाणीवरील एक अवघी २१ वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. आपल्याला कळवलेच नव्हते, असे तिच्या आईवडिलांनी सांगितले.

अमेरिकेतील उदाहरण याहून बोलके आहे. डोंडा वेस्ट या इंग्रजीच्या प्राध्यापिका, प्रसिद्ध गायक कान्ये वेस्ट याच्या आई. नोव्हेंबर २००७मध्ये टमी टक, लायपोसक्शन आणि स्तनांची शस्त्रक्रिया अशा तीन गोष्टी एकत्र करून त्या घरी परतल्या आणि दुसऱ्या दिवशी मरण पावल्या. मृत्यूच्या चौकशीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचा उल्लेख आला. त्यानंतर २००९ साली कॅलिफोर्नियाने त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. सौंदर्य शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची शारीरिक तपासणी आणि ती करायला हरकत नसल्याचा लेखी दाखला त्याने सक्तीचा केला. पैसा, प्रसिद्धी आणि शिक्षण असलेल्या घरात हे घडले, आणि आवश्यक ती गोष्ट इतकी साधी होती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका स्त्रीच्या खटल्यात संमतीविषयी स्पष्ट सांगितले आहे. उपचाराचे स्वरूप, हेतू, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर स्वखुशीने दिलेली, तीच खरी संमती. तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. आणि प्रत्यक्षात काय होते? शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, हाताला सलाईन लावल्यावर, इंग्रजीत छापलेले कागद पुढे येतात आणि जेथे फुली आहे तेथे सही करायची असते. नवऱ्याने सही केली की सारे संपले, असे समजणारीही रुग्णालये आहेत. शरीर जिचे तिने, तिच्या भाषेत, घरी नेऊन वाचून सही करावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

पैशांचाही हिशेब आधी व्हावा. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज यांखेरीज केलेल्या सौंदर्य शस्त्रक्रियेला आरोग्य विमा पैसे देत नाही. इतर उपचारांना असलेली जीएसटीची माफीही तिला नाही. सांगितलेल्या रकमेत भूलतज्ज्ञ, पट्टा, औषधे, तपासण्या धरल्या आहेत का, आणि पाणी साचले वा वण सुधारण्यासाठी पुन्हा जावे लागले तर बिल कोणाच्या नावाने, हे लेखी घ्यावे. हप्ते दोन वर्षांचे असतात. गुंतागुंत झाली म्हणून ते थांबत नाहीत.

शेवटचा प्रश्न मनाचा आहे, आणि तो सर्वांत अवघड. हे मी कोणासाठी करते आहे? आरशात पाहताना मला अडचण वाटते म्हणून, की कोणी सतत बोलून दाखवतो म्हणून? पोट सपाट झाले की दुरावलेला नवरा जवळ येईल, मोडलेले लग्न जुळेल, नोकरीत मान मिळेल, अशी आशा जिला आहे तिला सर्जनची गरज नाही. कातडीला टाके घालता येतात, संसाराला नाही. उलट, 'माझे बाकी सारे ठीक आहे, फक्त ही लोंबणारी कातडी मला नकोशी झाली आहे' असे जी शांतपणे म्हणू शकते, तिने सारी माहिती घेऊन, सहा आठवड्यांची तजवीज करून खुशाल जावे. तिला कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

समाज म्हणून आपण तीन गोष्टींचा आग्रह धरू शकतो. शस्त्रक्रियेची माहिती आणि संमतिपत्र मराठीत असावे. पहिली भेट आणि शस्त्रक्रिया यांच्यात निदान दोन आठवड्यांचे अंतर सक्तीचे असावे, म्हणजे 'आजच ठरवा, सवलत मिळवा' याला आळा बसेल. आणि आधी-नंतरच्या छायाचित्रांवर चालणाऱ्या जाहिरातींना मेडिकल कौन्सिलने खरोखरच लगाम घालावा. हे होईपर्यंत सामान्य माणसाला एक साधी कसोटी पुरेशी आहे. जो डॉक्टर कधीच कोणाला 'तुम्हाला याची गरज नाही' किंवा 'आत्ता नको' असे म्हणत नाही, त्याच्या हाती आपले पोट देऊ नये. नाही म्हणणारा डॉक्टर सापडला, तर त्याच्याकडे पुन्हा जावे. तो हो म्हणेल तेव्हा त्या होकाराला काही अर्थ असेल.